वरचा डोळा

गंधालीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. वर टांगलेली हंडी दिसत होती तर खालचा रस्ता दिसत नव्हता, आणि रस्ता घेतला की हंडी गायब होत होती. दोन्ही एका चौकटीत यायला तयारच नव्हती.

तिने कॅमेरा आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. मागे सरकली तर पाठीला वनमालाकाकूंच्या गॅलरीची भिंत लागली. त्याहून मागे जायचं तर काकूंच्या बेडरूममध्ये शिरावं लागलं असतं आणि तिथून दिसले असते ते फक्त वाळत घातलेले टॉवेल. दर वर्षी ती याच गॅलरीतून, याच भिंतीला टेकून, याच लेन्सने घाटकोपरच्या भटवाडीतल्या या गल्लीची दहीहंडी काढत आली होती. खालच्या माणसांच्या डोक्यांपासून वरच्या हंडीपर्यंत सगळं कसं ऐसपैस मावायचं. फरक एवढाच, की तेव्हा हातात मोठा कॅमेरा असायचा.

मोठा म्हणजे फुल फ्रेम, मोठ्या सेन्सरचा. लग्नसराईत तसले दोन-दोन कॅमेरे गळ्यात अडकवून बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे सगळे हॉल पालथे घातल्यावर तिच्या मानेने शेवटी संपच पुकारला. डॉक्टर म्हणाले, मान हवी की कॅमेरा ते एकदा ठरवा. गंधालीने चार दिवस रडून घेतलं, मोठा कॅमेरा त्याच्या रुंद लेन्ससकट मुलुंडच्या एका मित्राला विकला आणि कपाटातून आपला कॉलेजच्या दिवसांतला छोट्या सेन्सरचा कॅमेरा बाहेर काढला. उरलेली लेन्स त्याला बसत होती. पण सेन्सर लहान असला की त्याच लेन्समधून मधलं तेवढंच हाती लागतं, दार अर्धं ओढून घेतल्यासारखं. कडेचं सगळं कापलं जातं. हे काय तिला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण गोविंदा पथकाचा सराव व्हायचा शाळेच्या मैदानावर, आणि तिथे चार पावलं मागे गेलं की भागायचं. गॅलरीत मागे जायला जागा नसते, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं फोटो काढून पोट भरणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नाही. सवयीने डोकं चालवायचं म्हटलं की असंच होतं.

नुसता फोटो हुकला असता तर एक वेळ चाललं असतं. पण गंधाली इथे नुसती फोटो काढायला उभी नव्हती. ती ‘वरचा डोळा’ होती.

ही कमलताईंची पद्धत. कमलताई शाळेत पीटी शिकवायच्या आणि भटवाडीतल्या मुलींचं गोविंदा पथक त्यांनीच उभं केलेलं. थर लागताना त्या खाली, गर्दीच्या मधोमध, शिट्टी तोंडात धरून उभ्या राहायच्या. तिथून त्यांना पाय दिसायचे, पाठी दिसायच्या, पण वरचं काही धड दिसायचं नाही. म्हणून समोरच्या गॅलरीत त्यांनी एक माणूस ठेवलेला. त्याच्या हातात लाल ओढणी. थरात कुठेही काही बिघडताना दिसलं की ओढणी वर करायची. ओढणी वर गेली की कमलताई तुटक शिट्ट्या वाजवणार आणि थर जिथवर लागले असतील तिथून उतरणार. का, कशाला, कुणी विचारायचं नाही. विचारायचं ते नंतर, फोटो समोर ठेवून. बाकी कुणीही तोंडातून आवाज काढायचा नाही, थरातल्या मुलींनी तर नाहीच. एक ओरडली की सगळ्या घाबरतात आणि सगळ्या घाबरल्या की सगळ्या पडतात, हे कमलताईंनी प्रत्येकीच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

आणि आज पथक पहिल्यांदाच सहा थर लावणार होतं. गुरुपौर्णिमेपासून सराव चालला होता. चौथ्या थरात गंधालीची धाकटी बहीण होती, प्रांजल. तिच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं जगात फक्त दोघींना माहीत होतं.

“कमलताईंना सांगितलंस ना, तर बघ,” सकाळी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत प्रांजल म्हणाली होती. “माझ्या जागेला दुसरी कुणी नाहीये. मी नाही म्हटलं की सहाचे पाच होणार.”

“होऊ देत ना पाच! काय वाट लागणारे?”

“तुझ्या त्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी चार दिवस उशी भिजवलीस ना तू? मग मला नको सांगूस.” तिने बँडेजवरून काळी नी-कॅप ओढली. “सरावात मुरगळलाय फक्त. उभं राहिलं की काही होत नाही. ओढणी उगाच वर केलीस तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही, ताई.”

गंधालीने मान हलवली होती. बहिणीच्या हट्टापुढे मान हलवायची तिची खोड जुनीच. पण सकाळपासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. उगाच ओढणी उचलली तर सगळ्या पोरींच्या मेहनतीवर पाणी. नाही उचलली आणि गुडघा वर लटपटला, तर काय होईल ते मनात आणायलाही ती घाबरत होती.

“अगं, आल्या बघ आल्या!” वनमालाकाकू बादली घेऊन गॅलरीत आल्या. काकूंचं वय झालं होतं, पण गोविंदावर पाणी ओतायचा त्यांचा उत्साह काही केल्या आटत नव्हता. “सरक जरा. पोरींना भिजवते.”

एरवी गंधालीने त्यांना बजावलं असतं, की काकू, थर लागायच्या आधी पाणी नको, खांदे निसरडे होतात. पण ती लेन्सशी झटापट करत होती. काकूंनी बादली उपडी केली. खाली मुली किंचाळल्या, हसल्या, वर बघून हात केले. पहिल्या थरातल्या मुलींचे निळे टी-शर्ट खांद्यांना चिकटले.

ढोल थांबला. कमलताईंची एक लांब शिट्टी वाजली.

पहिल्या थराने कडं केलं. दुसऱ्या थरातल्या मुली त्यांच्या खांद्यांवर चढल्या, त्यात मीरा होती, पथकातली सगळ्यात दणकट मुलगी, गॅलरीकडे पाठ करून. तिसरा थर चढला. आता ठरवायला हवं होतं. एकतर गंधालीने वरचं बघायचं नाहीतर खालचं. खाली मीरासारख्या भक्कम मुली आहेत, खाली कमलताई आहेत, असं तिने स्वतःला समजावलं आणि लेन्स वर उचलली.

खरं सांगायचं तर ते नुसतं समजावणंच होतं. तिला बघायचा होता तो एकच गुडघा.

प्रांजल चौथ्या थरात चढून उभी राहिली. गॅलरीच्या जवळजवळ समोर, तिच्याच उंचीवर. झूम पुढे ओढल्यावर छोट्या सेन्सरमुळे ती नेहमीपेक्षा किती जवळ दिसत होती! नी-कॅप खाली सरकली होती, वरून बँडेजची पिवळट कड दिसत होती, घामाचा ओघळ पोटरीवरून उतरत होता. मोठ्या कॅमेऱ्यात हे सगळं सहा थरांच्या गर्दीत हरवून गेलं असतं. गंधालीला क्षणभर बरंच वाटलं. बघ, म्हणाली ती मनात, याचाही उपयोग आहे. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डाव्या हातात कॅमेऱ्याखाली ओढणीचा बोळा घामाने ओला झाला होता.

पाचवा थर चढताना प्रांजलच्या खांद्यावर वजन आलं आणि गुडघा हलला.

गंधालीचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला. गुडघा पुन्हा स्थिर झाला होता. थांब, उगाच घाई करू नकोस. ती तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. अजून एक फोटो. गुडघा ताठ होता. अजून एक. सगळ्यात वरची मुलगी ऋता, डोक्याला हेल्मेट, कमरेला सुरक्षेची दोरी, आता प्रांजलच्या बाजूने वर सरकत असणार. चौकटीच्या वरच्या कडेला तिचा तळवा दिसला आणि नाहीसा झाला. खाली गर्दीचा आवाज एकदम चढला. म्हणजे सहावा थर लागत होता! गंधालीने श्वास रोखून गुडघ्यावर नजर रोवली. धर, प्रांजू, धर. थोडंच राहिलंय.

तेव्हा तिला जाणवलं, की प्रांजल तिच्याकडे बघतेय.

थरात उभं राहिलेल्या मुलीने समोरच्या मुलीच्या पाठीकडे बघायचं असतं, इकडेतिकडे नाही. पण प्रांजलने मान न वळवता डोळे वळवले होते, थेट लेन्समध्ये. डोळे मोठे झाले होते, ओठ घट्ट मिटलेले. गंधालीला तो चेहरा लहानपणापासून पाठ होता. आईला चुगली करायला निघालेल्या ताईला अडवताना प्रांजल अश्शीच बघायची. ओढणी उचललीस तर बघ, असं म्हणतेय ती, गंधालीला वाटलं. अगं, नाही उचलत बाई, नाही उचलत. तिने ओढणीची मूठ मुद्दाम कठड्याखाली नेली.

प्रांजलने डोळे खाली नेले. पुन्हा लेन्सकडे. पुन्हा खाली.

गुडघ्याकडे? गंधालीने लेन्स खाली केली. गुडघा दगडासारखा उभा होता. थरथर नव्हती, काही नव्हतं. मग ती खाली कशाला बघतेय? ती पुन्हा चेहऱ्यावर आली आणि या वेळी तिला त्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. हा दम नव्हता. प्रांजल घाबरली होती. तळपायांखाली तिला काहीतरी कळत होतं आणि तोंड उघडायची तिला बंदी होती.

गंधालीने कॅमेरा डोळ्यावरून काढला.

आणि उघड्या डोळ्यांनी तिला सगळा मनोरा एकदम दिसला. तो सरळ नव्हता. डावीकडे कलला होता. दुसऱ्या थरात मीराचा एक पाय खालच्या मुलीच्या ओल्या खांद्यावरून घसरून हवेत लोंबकळत होता; मीरा एका पायावर, शेजारणीच्या गळ्यात हात अडकवून, सगळी ताकद लावून तो सगळा डोंगर तोलत होती. किती वेळ तोलत होती देव जाणे. कमलताई पलीकडच्या अंगाला होत्या.

ओढणी वर गेली. गंधालीने ती अशी झटकली की हाताला कळ लागली.

तुटक शिट्ट्या सुरू झाल्या. हंडीपासून वीतभर अंतरावर आलेला ऋताचा हात थबकला. गर्दी “अरे!” म्हणून हळहळली. ऋता उतरली, पाचवा थर उतरला. गंधाली स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. पाठीमागे काकूंनी रामनाम सुरू केलं होतं. चौथा थर वाकला, प्रांजल खाली सरकली, आणि त्याच वेळी मीराची बाजू सुटली. उरलेले थर एका अंगाला कोसळले. खाली हात होते, गाद्या होत्या, माणसं होती. एकेक मुलगी उठून उभी राहिली. प्रांजल उठली. ऋता आधीच खाली पोचली होती. मीरा उठायची राहिली, मग तीही उठली, पण उजवा हात डाव्या हातात धरून. मनगटाची जागा भलतीच दिसत होती.

मीराला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा गल्लीत दुसऱ्या पथकाचा ढोल सुरूही झाला होता. कमलताई काकूंच्या घराचा जिना चढून वर आल्या. त्यांच्यामागून प्रांजल लंगडत आली. आता लपवण्यात अर्थ नव्हता, की तिच्यात लपवायचं त्राणच उरलं नव्हतं, कोण जाणे.

“वेळेवर उचललीस म्हणून वरच्या वाचल्या,” कमलताई म्हणाल्या. “मीराचा पाय कधी सुटला ते बघायचंय मला. फोटो दाखव.”

गंधालीने कॅमेरा पुढे केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

कमलताई चष्मा वर करून मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो सरकवू लागल्या. गुडघा. गुडघा. बँडेजची कड. गुडघा. प्रांजलचा चेहरा. पुन्हा गुडघा. त्या बराच वेळ सरकवत राहिल्या, कुठेतरी मीरा असेल या आशेने. एका फोटोतही मीरा नव्हती, पहिला थर नव्हता, दुसरा नव्हता.

“हे बँडेज कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“गेल्या रविवारपासून,” प्रांजल म्हणाली. “ताईची चूक नाही. मीच तिला शपथ घातली होती.”

“तू थांब.” कमलताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “गंधाली, मीराचा पाय कधी सुटला?”

“माहीत नाही.”

“पाचवा थर चढला, त्याच्या आधी की नंतर?”

“खरंच माहीत नाही, कमलताई. या कॅमेऱ्यात सगळं मावत नव्हतं. मला वाटलं, वरचं बघावं.”

“कॅमेऱ्यात मावत नव्हतं तर कॅमेरा खाली ठेवायचा. डोळ्यांत मावत होतं ना?” कमलताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलत होत्या, शाळेतल्या मुलीशी बोलावं तशा. “लोकांच्या पोरी मी तुझ्या भरवशावर वर चढवते गं. एवढ्या सगळ्या होत्या. तू एकीलाच बघत बसलीस.”

गंधालीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. ते अक्षरशः खरं होतं आणि पुरावा कमलताईंच्या हातात होता.

वनमालाकाकू रिकाम्या बादलीकडे बघत दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी काही बोललं नाही. त्यांनी बादली उचलली आणि मोरीत नेऊन पालथी घातली.

कमलताईंनी कॅमेरा गंधालीला परत दिला आणि दुसऱ्या हाताने तिच्या मुठीतली लाल ओढणी काढून घेतली. ती त्यांनी प्रांजलच्या हातात ठेवली.

“मंडळाने आपल्याला अजून एकदा बोलावलंय. फक्त सलामी द्यायची, हंडीच्या वाटेला जायचं नाही. मीरा नाही, तू नाहीस, म्हणजे पाच थर. पायाने काम होणार नाही, निदान डोळ्यांनी कर.” जिन्यापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आणि बँडेज सैल कर. काळं पडलंय पायाचं बोट.”

त्या गेल्या. दोघी बहिणी गॅलरीत उरल्या.

“मी तुला डोळ्यांनी सांगत होते, खाली बघ म्हणून,” प्रांजल म्हणाली.

“मला वाटलं, तू दम देतेयस.”

“दम? तिथे उभं राहून?” प्रांजल हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. “मीरा किती वेळ तशी उभी होती, ताई. मला तळव्यात कळत होतं सगळं. आणि तू माझेच फोटो काढत होतीस यार.”

गंधालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्रांजलने तो झटकला नाही, पण जवळही आली नाही.

दुपार कलल्यावर कमलताईंची लांब शिट्टी वाजली. या खेपेला मुलींचे खांदे टॉवेलने कोरडे केलेले होते. काकूंनीच आपले वाळत घातलेले टॉवेल खाली पाठवले होते. पहिला थर लागला, दुसरा लागला. मीराच्या जागी पहिल्या थरातली एक मुलगी उभी होती, भेदरलेली. प्रांजल कठड्याला टेकून, दुखरा पाय अधांतरी धरून उभी होती. तिची नजर खालून वर जात होती आणि वरून खाली येत होती, एकेकीपाशी थांबत, कुणालाही न वगळता. ओढणी तिने छातीशी धरली होती.

गंधालीने कॅमेरा उचलून झूम पूर्ण मागे घेतला. न उचलला तरी चाललं असतं, पण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

तिसरा. चौथा. पाचव्यावर ऋता चढली आणि गर्दीला हात केला.

चौकटीत सगळं बरोबर बसलं. खाली माणसांची डोकी, वर ऋताची बोटं, मधे सगळ्या जणी. एकही कड कापली जात नव्हती.

“मावतायत का गं आता?” मनोऱ्यावरची नजर न काढता प्रांजलने विचारलं.

“मावतायत,” गंधाली म्हणाली.

ऋताने मान वर करून पाहिलं. तिच्या डोक्यावर, एका थराच्या उंचीवर, हंडी वाऱ्याने हळूहळू हलत होती. ती चौकटीच्या बाहेर होती. गंधालीने बटण दाबलं. फोटोत ती मुलगी वर कशाकडे बघतेय, ते बघणाऱ्याला कधीच कळणार नव्हतं.